घरात कुत्रा आहे? मग फरशीची चमक नंतर बघा, आधी पकड बघा

दाराची बेल वाजते. सोफ्यावर झोपलेला लॅब्राडोर उठतो आणि सुसाट निघतो. हॉलच्या मध्यावर पोहोचला की त्याचे चार पाय चार दिशांना जातात, आणि तो पोटावर सरकत थेट शू-रॅकवर आदळतो. मागे कॉमेडी म्युझिक, खाली हसण्याच्या इमोजींची रांग.

अशी एखादी रील तुम्हीही पाहिली असेल, कदाचित फॉरवर्डही केली असेल. आता तीच रील आवाज बंद करून पुन्हा बघा आणि या वेळी लक्ष कुत्र्याच्या पायाखाली ठेवा. बऱ्याचदा तिथे आरशासारखी चमकणारी गुळगुळीत टाइल दिसेल.

नवं घर घेताना किंवा रिनोव्हेशन करताना आपण फरशीत काय बघतो? रंग, भाव आणि पुसायला सोपी आहे की नाही. पण त्या फरशीवर दिवसभर अनवाणी वावरणारा घरातला एक सदस्य असा आहे, ज्याला कुणी काही विचारतच नाही. त्याच्यासाठी फरशी कशी निवडायची, आणि आहे तीच ठेवायची असेल तर काय करायचं, हेच समजून घेऊया.

कुत्रा घसरतो कशामुळे?

कुत्र्याची पकड दोन गोष्टींवर चालते: पंज्याखालच्या गाद्या आणि नखं. मातीत किंवा गवतात नखं जमिनीत रुततात आणि धावणाऱ्याच्या बुटांच्या खिळ्यांसारखं काम करतात. कडक टाइलमध्ये नखं रुतत नाहीत. उलट पाय सटकतोय असं वाटलं की कुत्रा घाबरून नखं आणखी रोवायला जातो. त्यामुळे गादी फरशीवरून उचलली जाते, आणि होती ती पकडही जाते.

त्यात नखं वाढलेली असतील, किंवा गोल्डन रिट्रीव्हर, शित्झूसारख्या केसाळ कुत्र्यांच्या गाद्यांमधले केस वाढले असतील, तर त्याने मोजे घालून फरशीवर धावल्यासारखंच होतं.

घसरला तर बिघडलं काय?

एखाद्या वेळी घसरल्याने तरुण, धडधाकट कुत्र्याला बहुतेक वेळा काही होत नाही. प्रश्न रोजच्या घसरण्याचा आहे, आणि तो तीन प्रकारच्या कुत्र्यांसाठी मोठा आहे.

पहिली, मोठ्या जातींची पिल्लं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा त्रास बराच आढळतो. तो मुख्यतः आनुवंशिक आहे, पण वाढीच्या वयातलं वातावरणही त्यात भर घालतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी लॅब्राडोरसह चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा लहानपणापासून मागोवा घेतला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांमध्ये धोका जास्त आढळला, तर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं फिरलेल्या पिल्लांमध्ये कमी. हा अभ्यास टाइल्सचा नव्हता. पण पिल्लू कशावर चालतं याला महत्त्व आहे, एवढं त्यातून कळतं.

दुसरी, ठरावीक छोट्या जाती. पॉमेरेनियनमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा आणि डॅशंडमध्ये मणक्याच्या चकतीचा त्रास जास्त दिसतो. यांना अचानक पाय सटकणं परवडत नाही.

तिसरी, म्हातारी कुत्री. यांच्या बाबतीत आपण हमखास फसतो. "आता म्हातारा झाला, हल्ली उठतच नाही," असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात संधिवात झालेल्या, मागच्या पायातली ताकद कमी झालेल्या कुत्र्याला त्या फरशीची भीती बसलेली असू शकते. एकदा पडला की तो पाण्याच्या भांड्यापर्यंत जाणंही टाळतो. हालचाल कमी झाली की स्नायू आणखी झिजतात, आणि स्नायू झिजले की तो आणखी घसरतो.

खुणा ओळखायला सोप्या आहेत. खोलीच्या उंबऱ्यावर थबकणं, भिंतीच्या कडेकडेने चालणं, फक्त पायपुसण्यावर झोपणं, उठताना मागचे पाय फाकणं. हे दिसलं तर आधी पशुवैद्यांना दाखवा, कारण मागचे पाय लटपटण्यामागे सांध्यांचा किंवा नसांचा आजारही असू शकतो.

मग कोणती फरशी घ्यायची?

पॉलिश्ड व्हिट्रिफाइड टाइल्स: कितीतरी नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर हीच बसवून देतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणजे ०.५ टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे लघवी आत मुरत नाही आणि वास राहत नाही. पण वरचं पॉलिश कुत्र्यासाठी घसरगुंडी आहे.

मॅट फिनिश व्हिट्रिफाइड: टाइल तीच, फक्त वरचा थर खरखरीत. पाणी शोषत नाही, पकड मिळते, उन्हाळ्यात गार राहते. बहुतेक घरांसाठी सगळ्यात व्यवहार्य पर्याय हाच.

मार्बल: दिसायला सुंदर, पण पॉलिश केलेला मार्बल घसरडा असतो आणि सच्छिद्रही. लघवी वेळेत पुसली नाही तर डाग मुरतो.

कोटा आणि शहाबादी: कोटा राजस्थानातला, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली. दोन्ही चुनखडीचे दगड. आरशासारखं पॉलिश न करता लेदर फिनिश किंवा साधी घासलेली कोटा घेतली तर पकड चांगली मिळते. वरून सीलर मात्र मारून घ्या आणि तो अधूनमधून पुन्हा मारा.

लॅमिनेट वुडन फ्लोअरिंग: आत लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड असतो. जोडातून पाणी किंवा लघवी आत गेली की तो फुगतो, आणि फुगलेली पट्टी पुन्हा सपाट होत नाही. पिल्लू असलेल्या घरात हा पर्याय टाळलेला बरा.

एसपीसी आणि व्हिनाइल: एसपीसीच्या पट्ट्यांमध्ये दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक असतं. पाण्याने फुगत नाही, नखांचा टकटक आवाज कमी होतो, त्यामुळे खालच्या मजल्यावरचे शेजारीही खूश. लाकडी लूक हवा असेल तर लॅमिनेटपेक्षा हे बरं. फक्त वरचा पोत खरखरीत आहे ना, हे हात फिरवून बघा.

नखांनी फरशीवर चरे पडतात का?

नखांना उगाच बदनाम केलं जातं. पदार्थांचा कठीणपणा मोजायची मोज नावाची मोजपट्टी आहे. त्यावर नख साधारण २.५, मार्बल ३ च्या आसपास आणि ग्रॅनाइट ६ ते ७. म्हणजे दगडावर चरा पाडायला नुसतं नख पुरत नाही.

खरा गुन्हेगार म्हणजे पंजाला चिकटून आलेली वाळू. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा ७ असतो. त्यामुळे फिरून आल्यावर दारातच पाय पुसले, तर फरशीचं निम्मं काम झालं. लाकूड आणि लॅमिनेटवर मात्र मोठ्या कुत्र्याच्या नखांचे ओरखडे दिसू शकतात.

दुकानात काय विचारायचं?

"अँटी-स्किड आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. टाइलचं आर रेटिंग विचारा. ही जर्मनीत ठरलेली पद्धत आहे. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवतात, उतार वाढवत नेतात आणि तो किती अंशांवर घसरतो ते बघतात. गंमत अशी की ही मोजपट्टी सुरूच होते आर ९ पासून आणि संपते आर १३ ला. त्यामुळे आर ९ म्हणजे 'दहापैकी नऊ' समजू नका, तो सगळ्यात खालचा वर्ग आहे.

हॉल आणि बेडरूमसाठी आर १० बघा, बाल्कनी आणि जिथे कुत्र्याला अंघोळ घालता तिथे आर ११. त्यापुढची टाइल घरात नको, कारण खरखरीतपणात मळ अडकतो आणि पुसणाऱ्याची कंबर मोडते.

ही चाचणी बुटांची आहे, पंज्यांची नाही. म्हणून सगळ्यात खात्रीची चाचणी घरीच करा. दोन-तीन नमुन्याच्या टाइल्स आणा, पाणी शिंपडा आणि अनवाणी पाय घासून बघा. तुमचा पाय सरकला, तर त्याचाही सरकणार.

आणखी एक गोष्ट विसरू नका: टाइल्समधल्या फटी. तिथे भरलेलं साधं सिमेंटचं ग्राउट लघवी शोषतं, आणि कितीही पुसलं तरी वास येत राहतो. इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, पण ते शोषत नाही.

पुसताना या चुका टाळा

लघवीच्या वासावर व्हिनेगर टाका, असा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. व्हिट्रिफाइडवर ते चालून जातं. मार्बल, कोटा, शहाबादी किंवा कडप्प्यावर मात्र चुकूनही नको. या दगडांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि आम्ल ते खातं. चमक जाऊन जो पांढुरका डाग पडतो तो पुसून निघत नाही, कारण तिथला दगडच झिजलेला असतो. लिंबू आणि टॉयलेट क्लीनरचंही तेच.

अमोनियाचा वास असलेलं क्लीनर वापरलं तर कुत्र्याला ती जागा लघवीचीच वाटू शकते, आणि तो पुन्हा तिथेच जाऊ शकतो. आधी जुन्या वर्तमानपत्राने लघवी टिपून घ्या, मग एन्झाइम क्लीनर वापरा. फिनाइलने पुसलं असेल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला त्या खोलीत सोडू नका. तो पंजे चाटतो, आणि पंजाला लागलेलं सगळं पोटात जातं.

भाड्याचं घर आहे, फरशी बदलता येत नाही?

हरकत नाही. सगळं घर झाकायची गरज नसते, कुत्र्याचे रस्ते झाकले तरी पुरतं. तो झोपतो कुठे, पाणी पितो कुठे, बेल वाजली की धावतो कुठून, हे दोन दिवस बघा. त्याच वाटेवर मागून रबर असलेल्या लांब चटया किंवा योगा मॅट टाका. दोन चटयांमध्ये मोठं अंतर ठेवू नका, नाहीतर म्हातारा कुत्रा एका बेटावर अडकल्यासारखा उभा राहतो. सोफ्यावरून उडी मारून उतरतो ती जागाही झाका.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, चटया खालून ओल्या राहून कुबट होतात. म्हणून सहज धुता आणि वाळवता येतील अशाच घ्या. फोमचे जोडायचे तुकडे पिल्लू चावून गिळू शकतं आणि ते आतड्यात अडकू शकतात, त्यामुळे ते नकोत. नखं नियमित कापा. चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढली आहेत, असं समजा.

थोडी उघडी फरशीही राहू द्या. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी तो पोट टेकायला गार लादीच शोधतो. फक्त मोठ्या, वजनदार कुत्र्याला झोपायला जाड गादीही द्या. कायम कडक फरशीवर पडून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात.

आणि हो, घसरड्या फरशीला घरातला आणखी कुणीतरी घाबरत असतो. आजी-आजोबा. कुत्र्यासाठी निवडलेली फरशी त्यांचाही पाय सावरेल.