नळ एक, धारा तीन

स्वयंपाकघरातल्या नळाकडून आपण तीन कामे करून घेतो. पातेले भरणे, ताटे विसळणे आणि कढईला चिकटलेले खरकटे सोडवणे. पातेल्याला पाणी भरपूर हवे असते, ताटाला ते पसरलेले हवे असते आणि खरकट्याला जोर हवा असतो. साधी तोटी मात्र तिन्ही वेळी तीच एक जाड धार देते. म्हणूनच हल्ली बाजारात धार बदलता येणारी नळाची तोंडे मिळतात. लवचीक नळीच्या टोकाला ते तोंड असते आणि खटका दाबला की धारेचा फवारा होतो.

या टर्ममध्ये शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये मी आमच्या मेसच्या सिंकसाठी अशा तोंडाचा आराखडा केला. बाहेरून खेळण्यासारख्या दिसणाऱ्या या वस्तूत नववी-दहावीचे भौतिकशास्त्र किती भरलेले आहे, ते या लेखात सांगतो.

आधी मोजणी, मग आराखडा

मेसच्या नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते. टाकीतली पातळी नळापेक्षा सुमारे 3 मीटर उंच आहे. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे जवळजवळ एका वातावरणाएवढा दाब, तेव्हा आमच्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी दाब आहे. नळ पूर्ण उघडून खाली 10 लिटरची बादली ठेवली, तर ती 50 सेकंदांत भरते. म्हणजे मिनिटाला 12 लिटर.

हे आकडे आधी हवेत, कारण विकत मिळणारी तोंडे सगळीकडे सारखी चालत नाहीत. अमेरिकेतल्या केंद्रीय नियमानुसार स्वयंपाकघराच्या नळातून मिनिटाला जास्तीत जास्त 8.3 लिटर पाणी यावे लागते, पण ते 60 पीएसआय दाबाला मोजतात. हा दाब म्हणजे सुमारे 42 मीटर उंचीच्या टाकीचा! अशा दाबासाठी बनवलेला फवारा 3 मीटरच्या टाकीला जोडला, तर तो मलूल होऊन नुसता टपटपणार. आपल्या देशात असंख्य घरे गच्चीवरच्या टाकीवर चालतात. आपला आराखडा त्या टाकीपासून सुरू व्हायला हवा.

छिद्रे किती आणि केवढी?

इटालियन शास्त्रज्ञ टॉरिसेली याने सतराव्या शतकात सांगितले, की टाकीच्या छिद्रातून पाणी त्याच वेगाने बाहेर येते, ज्या वेगाने एखादी वस्तू तेवढ्या उंचीवरून पडली असती. म्हणजे वेग काढायचा, तर 2 × 9.8 × उंची याचे वर्गमूळ घ्यायचे.

पण सगळी 3 मीटर उंची नळाच्या तोंडाशी पोहोचत नाही. पाईप, वळणे आणि व्हॉल्व्ह यांच्या घर्षणात तिचा काही भाग खर्च होतो. हा खर्च साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नळ पूर्ण उघडा असताना, म्हणजे 12 लिटरच्या प्रवाहाला, जवळजवळ सगळी उंची वाटेतच खर्ची पडते. म्हणून तर धार अशी सुस्त असते. प्रवाह निम्मा, म्हणजे 6 लिटर केला, तर खर्च पाव होतो. 3 मीटरचा पाव भाग 0.75 मीटर. उरलेली 2.25 मीटर उंची तोंडाशी हातात राहते.

2.25 मीटरला टॉरिसेलीचा वेग येतो सेकंदाला 6.6 मीटर. छिद्रातून निघताना पाणी कडेशी आकसते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह या हिशेबाच्या सुमारे 0.6 पट धरावा लागतो. मिनिटाला 6 लिटर म्हणजे सेकंदाला 100 मिलिलिटर. तेवढे पाणी जायला सगळ्या छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे 25 चौरस मिमी हवे. 1 मिमी व्यासाच्या एका छिद्राचे क्षेत्रफळ 0.785 चौरस मिमी, म्हणून 32 छिद्रे.

हेच क्षेत्रफळ 0.6 मिमीच्या 89 छिद्रांनी किंवा 1.5 मिमीच्या 14 छिद्रांनीही भरून निघते. बारीक छिद्रांचा फवारा मऊ आणि दाट पडतो, पण ती टाकीतल्या गाळाने आणि क्षाराने लवकर बुजतात. मोठी छिद्रे बुजत नाहीत, पण 14 धारांच्या मध्ये ताटावर कोरडे पट्टे राहतात. म्हणून मी 1 मिमी निवडले. थ्रीडी प्रिंटरवर बारीक छिद्रे ठरवल्यापेक्षा अरुंद येतात, त्यामुळे छापलेल्या चकतीतून 1 मिमीचे ड्रिल फिरवून घ्यावे लागते.

आता तुलना करा. साध्या तोटीचे तोंड 12 मिमीचे. तिथून मिनिटाला 12 लिटर पाणी जाते, तेव्हा वेग सेकंदाला सुमारे 1.8 मीटर असतो. फवाऱ्यात पाणी निम्मे, पण वेग दुपटीहून जास्त. ताटावर आदळणाऱ्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गावर ठरतो, म्हणून तो कितीतरी वाढतो. कमी पाणी जास्त काम करते, ते असे.

तीन धारा

पहिली, भरण्याची धार. इथे पाणी वाचवण्याचा प्रश्नच नाही. 10 लिटरचे पातेले भरायला 10 लिटरच लागतात. धार बारीक केली तर फक्त वेळ वाढतो. म्हणून या वाटेत अडथळा कमीत कमी ठेवायचा. बाजारातल्या बहुतेक तोंडांत या जागी हवा मिसळणारी जाळी असते. पाणी बारीक छिद्रांतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, बाजूच्या फटीतून हवा ओढली जाते आणि जाळीत दोन्ही मिसळतात. धार पांढरी, भरदार दिसते आणि शिंतोडे उडत नाहीत. पण त्या छिद्रांत आणि जाळीत दाब खर्च होतो आणि आमच्याकडे तोच कमी. म्हणून मी हवा न घेणारी, मधमाशीच्या पोळ्यासारखी मोठ्या घरांची जाळी घेतली. ती पाण्याची गिरकी मोडून धार सरळ करते, इतकेच.

दुसरी, विसळण्याचा फवारा. 32 छिद्रे सरळ खाली पाडली, तर फवारा चकतीएवढाच, म्हणजे 4 सेंमी रुंद पडेल. ताट तोंडापासून साधारण 25 सेंमी खाली असते. तिथे 10 सेंमीचे वर्तुळ हवे असेल, तर कडेच्या छिद्रांना बाहेरच्या बाजूला सुमारे 7 अंशांचा कल द्यावा लागतो. आणखी कल दिला, तर पाणी ताटाऐवजी विसळणाऱ्याच्या शर्टावर.

तिसरी, पात्याची धार. 20 मिमी लांब आणि 1 मिमी रुंद फट. तिच्यातून मिनिटाला सुमारे 5 लिटर पाणी सपाट पडद्यासारखे पडते. सगळा जोर एका रेषेवर येतो, त्यामुळे कडेला वाळलेला भात सुरीने उचलल्यासारखा सुटतो.

खटका

पाणी एका वाटेवरून दुसऱ्या वाटेला वळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत खटका दाबला, की आतला दट्ट्या सरकतो आणि पुढे पाण्याचा दाबच त्याला तिथे धरून ठेवतो. नळ बंद केला, की स्प्रिंग त्याला मागे आणते. ही सोय छान आहे, पण दाब हवा. 3 मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम 3 न्यूटन बल देते, म्हणजे 300 ग्रॅम वजनाएवढे. एवढ्याशा बलावर स्प्रिंग कधीही जिंकू शकते.

म्हणून मी दुसरी रीत घेतली, फिरणाऱ्या दोन चकत्यांची. वरच्या चकतीला एक खिडकी, खालच्या चकतीला तीन वाटा. वरची फिरवली, की खिडकी हव्या त्या वाटेवर येते आणि एक छोटी गोळी खाचेत बसून 'टक्' असा आवाज करते. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, खिडकी दोन वाटांमधल्या अंतरापेक्षा रुंद हवी, म्हणजे बदलताना पाणी कुठेच पूर्ण अडत नाही आणि नळीला झटका बसत नाही. दुसरे, चकती साबणाच्या, तेलकट हातानेही फिरली पाहिजे. म्हणून तिला गुळगुळीत कडेऐवजी तीन मोठे पंख दिले. मनगटाच्या धक्क्यानेही ती फिरते. तोंड दिवसभर वापरणारे मेसचे भैया ते दोन बोटांत नाजूकपणे धरणार नाहीत. त्यांच्या हातात ताट आणि घासणी आहे.

उलटे पाणी

या आराखड्यातला सगळ्यात गंभीर भाग दिसायला सगळ्यात छोटा आहे. साधी तोटी सिंकच्या काठापेक्षा उंच असते. तिच्या आणि खरकट्या पाण्याच्या मध्ये नेहमी हवा राहते. नळीवरचे तोंड मात्र हातातून सुटून थेट सिंकच्या पाण्यात पडू शकते. समजा, त्याच वेळी टाकीखालचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला आणि खालच्या मजल्यावरचा नळ उघडला. उभ्या पाईपमधले पाणी खाली उतरू लागेल आणि मागे चोषण तयार करेल. स्ट्रॉने सरबत ओढावे, तसे सिंकमधले खरकटे पाणी पाईपमध्ये ओढले जाईल. त्याच पाईपवर पिण्याच्या पाण्याचे फिल्टर असतील, तर पुढचे सांगायला नको. शेकडो मुले एकाच पाण्यावर राहतात, तिथे ही चूक परवडणारी नाही.

यावर दोन उपाय एकत्र करायचे. नळीच्या सुरुवातीला एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बसवायचा. आणि नळीला वरून स्प्रिंगने असे टांगायचे, की हात सुटताच तोंड सिंकच्या काठाच्या वर उचलले जाईल. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकू शकतो, स्प्रिंग सैल पडू शकते. दोन्ही एकदम बिघडण्याची शक्यता कमी. पहाऱ्यावर एकाऐवजी दोघे ठेवतात, ते याच विचाराने.

वाचते किती?

मेसमध्ये दिवसाला दोन तास नळ विसळण्यासाठी वाहतो, असे धरू. 12 ऐवजी 6 लिटरचा फवारा वापरला, तर दोन तासांत 720 लिटर वाचतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या मापाने हे 13 माणसांचे दिवसाचे पाणी झाले.

पण या हिशेबाला एक अट आहे. फवारा इतका कमजोर असेल, की एक ताट विसळायला दुप्पट वेळ लागेल, तर बचत शून्य. वर भैयांचे कामही दुप्पट. म्हणून नळाचे तोंड किती पाणी कमी सोडते, एवढेच बघून चालत नाही. शंभर ताटांना एकूण किती पाणी आणि किती वेळ लागला, ते मोजले पाहिजे.

घरी काय बघावे

पालकांनी असे तोंड विकत घेताना तीन गोष्टी बघाव्यात. घराला पाणी टाकीचे आहे की पंपाचे, ते दुकानदाराला सांगावे आणि कमी दाबावर चालणारे तोंड मागावे. फवाऱ्याची छिद्रे मऊ सिलिकॉनची असावीत, म्हणजे बोअरवेलच्या पाण्याचे क्षार साचले तर अंगठ्याने चोळून निघतात. कडक छिद्रांची चकती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी लागते. आम्ल क्षाराला विरघळवते. आणि नळी सिंकमध्ये लोंबकळत ठेवू नये.

लॅबमधले तोंड पीएलए प्लॅस्टिकचे आहे. ते साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि छपाईच्या थरांमधल्या बारीक खाचांत जंतू बसू शकतात, म्हणून ते फक्त चाचणीपुरते आहे. रोजच्या वापराचे तोंड पितळेचे किंवा साच्यातल्या चांगल्या प्लॅस्टिकचेच हवे. पुढच्या टर्ममध्ये शंभर ताटांची मोजणी आहे: पन्नास जुन्या तोटीखाली, पन्नास नव्या फवाऱ्याखाली. बादली आणि स्टॉपवॉच माझ्याकडे असेल, ताटे भैयांच्या हातात. तोंड ठेवायचे की नाही, हे ते ठरवतील.