आजीच्या डब्यातले नाणे आणि फोनवरचे गिऱ्हाईक

आपल्या समाजातील बहुतेक घरांत एखादे तरी जुने नाणे निघतेच. कुठे आजीच्या डब्यात राणीछाप रुपया असतो, कुठे भोकाचा पैसा, तर कुठे बाबासाहेबांची प्रतिमा असलेला १९९० सालचा रुपया जपून ठेवलेला असतो. घरोघरी मोबाईल आल्यापासून 'हे नाणे विका आणि लाखो रुपये कमवा' अशा जाहिराती आमच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या खेड्यापाड्यांतही पोहोचल्या आहेत. रोवणीची मजुरी आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या घराला लाखाचा आकडा वाचून मोह पडला, तर त्यात नवल नाही. म्हणूनच या व्यवहाराची खरी रीत काय आहे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

जुने तितके महाग नव्हे

नाण्याची किंमत त्याच्या वयावर ठरत नाही. तसली नाणी किती उरली आहेत, हातातले नाणे कितपत झिजले आहे आणि ते घेणारे किती आहेत, यावर ती ठरते. १८६२ साल छापलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया दीडशे वर्षांहून जुना आहे. पण तेच साल कायम ठेवून पुढे अनेक वर्षे रुपये पाडले गेल्यामुळे तो आजही सहज मिळतो. उलट १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया दुर्मिळ आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारने ते रुपये परत घेऊन वितळवले. जे थोडे वाचले, त्यांना आज संग्राहक चांगली किंमत देतात.

बाबासाहेबांचा १९९० सालचा रुपया तर जन्मशताब्दीनिमित्त चलनातच आणलेला होता. तो भरपूर निघाला असल्याने संग्राहकांना थोडक्या पैशांत मिळतो. त्याचे लाखो रुपये देतो असे कोणी म्हणाले, की तो माणूस गंडवणारा आहे असे खुशाल समजावे. रामदरबार किंवा हनुमानाचे चित्र आणि १८१८ साल असलेले 'ईस्ट इंडिया कंपनीचे' नाणेही असेच. कंपनी सरकारने असले नाणे कधी पाडलेच नव्हते.

चांदीचा हिशेब

नाणे दुर्मिळ नसले, तरी चांदीची किंमत कुठे जात नाही. १९३९ पर्यंतच्या सरकारी कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. हा कलदार म्हणजे जुना एक तोळा. आजचा सराफी तोळा मात्र बहुधा १० ग्रॅमचा धरतात. आठवडी बाजारात 'एक रुपया, एक तोळा' म्हणून कोणी मोजू लागला, तर तेथेच दीड ग्रॅमहून अधिक वजन गेले! म्हणून नाणे ग्रॅममध्येच तोलून घ्यावे. आपल्या भागात आयाबाया गळ्यात रुपयांची माळ घालीत. कडी डागलेल्या अशा रुपयाला संग्राहक कमी किंमत देतात, पण चांदीचा भाव त्यालाही मिळाला पाहिजे.

विकण्याची रीत

प्रथम एक गोष्ट लक्षात ठेवावी. नाणे चिंच, राख किंवा पावडरीने घासू नये. घासलेले नाणे चकाकते, पण संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत उतरते. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढावेत. साल, वजन आणि टांकसाळीची खूण लिहून ठेवावी. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली बारीक खूण असते. हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्याला खूण नसते.

मोबाईलवर संग्राहकांचे गट असतात. त्यांत फोटो टाकून निदान तिघांचे मत घ्यावे. जाहिरातीत मागितलेली किंमत पाहू नये. लिलावात तसले नाणे प्रत्यक्षात कितीला गेले, ते पाहावे. खरा संग्राहक आधी फोटो मागतो, वजन विचारतो, घासाघीस करतो. पैसे खात्यात जमा झाल्यावरच नाणे पाठवावे, तेही टपालाने विमा उतरवून.

आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नव्हे

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. गोड बोलून मोठी किंमत कबूल करायची, मग नोंदणी फी, नंतर कमिशन, नंतर कर म्हणून थोडे थोडे पैसे उकळायचे. काहीजण रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरतात. याबाबत रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर इशारा दिला. अशा व्यवहारात बँक पडत नाही, कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले. विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात, हा साधा हिशेब आहे. पैसे घेण्यासाठी फोनवर पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपलेच पैसे जातात. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक.

जमिनीत सापडले तर

बोडी खोदताना, घराचा पाया घेताना मजुराच्या फावड्याला नाण्यांचे मडके लागू शकते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपविल्यास हक्कही जातो आणि शिक्षाही होते. कोणी मालक ठरला नाही, तर सापडणाऱ्यालाही कायद्याने वाटा आहे. तसेच १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. असे नाणे परदेशी गिऱ्हाइकाला पाठवणे गुन्हा आहे आणि त्यांचा धंदा करायचा तर परवाना लागतो.

या कायद्यांमागे कारण आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. कोणी कोणाचा पराभव केला, याचा हा पुरावा. ते मडके वाटून वितळवले गेले असते, तर तो मुकाच राहिला असता.

१९२३ साली बाबासाहेबांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचे मूल्य स्थिर कसे राहील, याचा त्यांनी त्यात मुळापासून शोध घेतला. त्यांचीच प्रतिमा असलेला रुपया दाखवून आपल्या माणसांना कोणी लुबाडावे, हे आपल्याला शोभणारे नाही. तेव्हा येत्या रविवारी घरातली नाणी बाहेर काढा. शिकत्या मुलामुलींकडून साल वाचून घ्या, वजन करा आणि एका वहीत लिहा: नाणे कोणते, कोणाकडून आले, कोणाच्या मजुरीचे होते. ती वही तयार झाल्यावर काय विकायचे आणि काय ठेवायचे, ते घरातल्या सर्वांनी मिळून ठरवा.