जे कधीच जाणार नाहीत, त्यांच्यासाठी

प्रवासाचे कार्यक्रम बघणारे दोन प्रकारचे असतात. काही जण पुढच्या सुट्टीत तिथे जायचा बेत आखत असतात. गाडी कुठून पकडायची, मुक्काम कुठे करायचा, माणशी खर्च किती येईल, एवढं कळलं की त्यांचं काम होतं. बाकीचे तिथे कधीच जाणार नसतात. कुणाचे गुडघे साथ देत नाहीत, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, कुणाच्या गोठ्यात दोन म्हशी असतात आणि धार काढायला दुसरं कुणी नसतं. पुष्कळांकडे तर तेवढे पैसेच नसतात. हा दुसरा प्रेक्षक पहिल्यापेक्षा संख्येनं कितीतरी मोठा आहे. तरीही आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम पहिल्यासाठी बनतात, कारण प्रायोजकाला गिऱ्हाईक हवं असतं. माझं म्हणणं असं की, टीव्हीवरचे जे प्रवास लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिले, त्यांतले बहुतेक या न जाणाऱ्या प्रेक्षकाला समोर बसवून केलेले होते.

'सुरभि'पासून सुरुवात करू. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांनी चालवलेला हा कार्यक्रम काटेकोरपणे प्रवासाचा नव्हता. पण ज्या घरांत टीव्ही आला होता आणि प्रवास परवडत नव्हता, त्या घरांनी देश पाहिला तो याच कार्यक्रमातून. कुठलं तरी वाद्य, कुठला तरी माग, कुठली तरी जत्रा. त्या जागी कसं जायचं हे सांगण्यावर भर नसे. तिथली माणसं काय करतात आणि कशी करतात, हे दाखवण्यावर असे. शेवटी विचारलेल्या प्रश्नाला देशभरातून पोस्टकार्डांचा असा पूर लोटला की टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळं, जास्त किमतीचं पोस्टकार्ड काढावं लागलं. ती कार्डं लिहिणाऱ्यांतले किती जण त्या गावांना पुढे गेले असतील? फार थोडे. त्यांना आपल्याच देशातल्या दुसऱ्या माणसांची ओळख हवी होती, आणि ती त्यांना दर आठवड्याला मिळत होती.

मराठीत मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तरी भटकंतीची गोडी घराघरांत नेली ती त्यानंतर बऱ्याच काळानं आलेल्या खासगी वाहिनीनं. अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, १९९९च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाली आणि तिच्यावर मिलिंद गुणाजी यांची 'भटकंती' आली. किल्ले, घाटवाटा, लेणी, आडबाजूची देवळं. गुणाजी सिनेमातले नट असले तरी इथे पाठीवर पिशवी टाकून चालताना दिसायचे. चढ असला की धाप लागलेली ऐकू यायची. सांगण्यात घाई नव्हती. ट्रेकिंगचं वेड असलेल्यांना त्यातून नव्या वाटा मिळाल्याच, पण सातारा-सोलापूरकडच्या मध्यमवयीन गृहिणींनीही तो कार्यक्रम मन लावून पाहिला. गडावर पोचण्याआधीची चाल त्यात दाखवली जाई, आणि घरी बसून पाहणाऱ्याला ती चाल फार मोलाची असते. माथ्यावरचा देखावा कॅलेंडरवरही मिळतो.

याच सुमाराला केबलवरून परदेशी कार्यक्रम घरात आले. डिस्कव्हरी १९९५मध्ये भारतात आलं, २००४मध्ये त्याची ट्रॅव्हल अँड लिव्हिंग ही वेगळी वाहिनी निघाली. पाठीवर पिशवी घेऊन स्वस्तातल्या खोल्यांत राहणारे परदेशी निवेदक आपण तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आपल्याकडे विनोद दुआ यांनी 'ज़ायका इंडिया का'मधून गल्लीबोळांतलं खाणं दाखवलं, रॉकी आणि मयूर यांनी हायवेवरचे ढाबे धुंडाळले. या दोन्ही कार्यक्रमांत दुकानदार मोकळेपणी बोलायचा आणि समोरचा ते मन लावून ऐकायचा.

मात्र प्रेक्षकाला खोलवर काय हवं असतं, हे समजून घ्यायला मला एका बोटीचं उदाहरण सगळ्यांत उपयोगी वाटतं, आणि त्या बोटीचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे. बीबीसीच्या मायकेल पेलिन यांनी १९८८मध्ये जूल्स व्हर्नच्या कादंबरीतल्या वाटेनं, विमान न वापरता, ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९८९मध्ये ती मालिका दाखवली गेली. त्यात दुबईहून मुंबईला यायला त्यांना एक साधं लाकडी गलबत मिळालं. नाव 'अल शर्मा', खलाशी गुजराती. जवळपास आठवडाभर समुद्राशिवाय पाहण्यासारखं काहीही नाही. एकही राजवाडा नाही, बाजार नाही, देखावा नाही. उघड्या डेकवर पोत्यांवर झोपायचं, खलाशांच्या हातचं जेवायचं आणि वाट बघायची. पेलिन यांनी एका वयस्कर खलाशाच्या कानांवर आपल्या वॉकमनचे हेडफोन लावले आणि त्याला अमेरिकन रॉक गाणं ऐकवलं. तो चेहरा कॅमेऱ्यानं शांतपणे टिपला. मालिकेतला अख्खा एक भाग जवळजवळ या गलबतावरच खर्ची पडला आणि प्रेक्षकांनी सगळ्यांत जास्त प्रेम केलं तेही त्याच भागावर. पुढे वीस वर्षांनी पेलिन त्या खलाशांना शोधत कच्छच्या मांडवीला गेले आणि त्या भेटीचा कार्यक्रम २००८मध्ये दाखवला गेला. जगभर हिंडलेल्या माणसाला पुन्हा भेटावंसं वाटलं ते त्या खलाशांना. प्रेक्षकांनाही त्यांचंच पुढे काय झालं हे जाणून घ्यायचं होतं.

खाण्याचे आणि प्रवासाचे कार्यक्रम करणारे अमेरिकन निवेदक अँथनी बोर्डेन यांचंही असंच. मे २०१६मध्ये ते हनोईतल्या एका साध्या खाणावळीत अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्यासोबत जेवले. बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, हातात बिअरच्या बाटल्या, समोर बुन चा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस आणि तांदळाच्या शेवया. दोघांचं मिळून बिल झालं सहा डॉलर आणि ते बोर्डेननी दिलं. ते बिल किती झालं हे लोकांना आजही आठवतं. ज्या कार्यक्रमात पैशांचा आकडा येतो, तिथे बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू होतो, आपल्या गावातल्या खाणावळीशी तुलना होते आणि परका देश जवळ येतो. आपले कार्यक्रम हा आकडा का लपवतात, कळत नाही.

आता नॉर्वेकडे वळू. तिथल्या सरकारी वाहिनीनं नोव्हेंबर २००९मध्ये बर्गन ते ऑस्लो हा रेल्वेप्रवास जसाच्या तसा दाखवला. या मार्गाला शंभर वर्षं झाली म्हणून केलेला हा कार्यक्रम सात तासांहून लांब होता. गाडी बोगद्यात शिरली की अंधार दाखवण्याऐवजी जुनी चित्रफीत लावायची, एवढीच काय ती करामत. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशात सुमारे बारा लाख लोकांनी त्यातला काही ना काही भाग पाहिला. दोन वर्षांनी, जून २०११मध्ये, त्यांनी किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीचा बर्गन ते किर्केनेस हा प्रवास सलग १३४ तास थेट दाखवला. बोट येणार म्हणून काठावरच्या गावांतले लोक झेंडे घेऊन उभे राहिले. कॅमेऱ्यातून आपलं गाव देशाला दिसावं, असं त्यांना वाटत होतं.

जपानमध्ये १९८७पासून रेल्वेच्या खिडकीतून जग दाखवणारा काही मिनिटांचा कार्यक्रम चालत आला आहे. तिथल्याच एनएचकेचा २००५पासूनचा आणखी एक कार्यक्रम आहे. त्यात निवेदक दिसतच नाही. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून गल्लीतून चालत राहतो, वाटेत कुणी भेटलं की थांबतो, दोन शब्द बोलतो आणि पुढे निघतो. एप्रिल २०२०मध्ये करोनानं जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा फेरो बेटांच्या पर्यटन विभागानं याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या रहिवाशांनी अंगावर कॅमेरा लावला आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांनी त्यांना डावीकडे वळ, पुढे चाल, पळ, अशा सूचना दिल्या. परदेशातला एक अनोळखी माणूस आपण सांगू तिकडे मान वळवतोय, यातलं सुख त्या बंद दिवसांत फार मोठं होतं.

मी हे कार्यक्रम माझ्या आत्याबरोबर पुष्कळ पाहिले. तिचे प्रश्न ठरलेले असत. पाणी कुठून आणतात? जळण काय वापरतात? ही बाई कॅमेऱ्यासमोर उभी आहे तेव्हा हिचं पोर कोण सांभाळतंय? पावसात हे छप्पर टिकतं का? पडद्यावर बर्फाचं शिखर आलं की ती "छान आहे" एवढंच म्हणायची. स्वयंपाकघर दिसलं की खुर्ची पुढे ओढायची. मराठी वाचकाची आवड फार आधीपासून अशीच आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि १८५७च्या धुमाळीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७मध्ये छापून आला. त्यात राणी आहे, लढाई आहे, लूटमार आहे. पण वाचताना माणूस रमतो तो दक्षिणेच्या रकमांत, मुक्कामांत, खाण्यापिण्यात आणि जीव वाचवण्याच्या धडपडीत. प्रवासी आपल्यासारखाच घाबरणारा आणि हिशेबी आहे, याचा विश्वास तिथे पहिल्या काही पानांत बसतो.

हा विश्वास आपल्या आजच्या बऱ्याच कार्यक्रमांत बसत नाही. कोकणातला नेहमीचा भाग घ्या. आधी ड्रोनमधून समुद्र, मग माड, मग "निसर्गाची मुक्त उधळण". निवेदिका एका घरात शिरते. पानात उकडीचे मोदक येतात. ती एक मोदक तोंडात टाकते, डोळे मिटते, "अप्रतिम" म्हणते आणि पुढच्या क्षणी आपण एखाद्या रिसॉर्टच्या तलावापाशी असतो. ज्या बाईनं पहाटे उठून पिठी काढली, उकड मळली, ती मागे पदराला हात पुसत उभी असते. तिचं नाव सांगितलं जात नाही. पिठी कुठल्या तांदळाची, उकड चिरू नये म्हणून ती काय करते, मोदकाला कळ्या किती पाडते, हे तिला कुणी विचारत नाही. ती बोललीच तर तिची मालवणी संगीताखाली दबते. बघणाऱ्याला त्या घरात दहा मिनिटं बसायचं असतं, आणि त्याला दहा सेकंदांत बाहेर काढलं जातं. कोकण पाहिल्याचं समाधान असल्या अर्ध्या तासात मिळत नाही.

आवाजाबद्दल तर कळकळीनं सांगावंसं वाटतं. एसटीच्या गिअरचा आवाज, रहाट, पाखरं, बाजारातला गलका, कीर्तनातला टाळ यांवर सतार नि सिंथेसायझर ओतण्याची काहीही गरज नाही. न जाणाऱ्या माणसाला जागा पोचते ती निम्मी कानांतून.

वारीचं चित्रण पाहताना हे फार जाणवतं. आळंदी-देहूहून पंढरपूरला निघालेल्या पालख्या सगळ्या मराठी वाहिन्या दाखवतात. दिवे घाटातली रांग आकाशातून सुंदरच दिसते, रिंगणात अश्व धावला की अंगावर काटा येतो. पण ज्यांची वारी म्हातारपणामुळे सुटली आहे, ती माणसं टीव्हीसमोर बसून आपली दिंडी शोधत असतात. त्यांना मुक्कामाचं गाव, टँकरपुढची रांग, चुलीवरची भाकरी, पायाला बांधलेली पट्टी, पहाटेची काकडआरती पाहायची असते. विठ्ठलाच्या वाटेवरचा एक आख्खा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, एका दिंडीबरोबर कॅमेरा चालवून दाखवला तर ती माणसं जागची हलणार नाहीत.

ही उणीव आता मोबाइलवाल्या तरुणांनी भरून काढायला सुरुवात केली आहे. सिंधुदुर्गातला, मेळघाटातला, माणदेशातला एखादा मुलगा आपल्याच गावची पेरणी, नदीवरची मासेमारी, आजीचं चुलीवरचं कालवण चित्रित करतो. चित्र हलतं, वारा माइकमध्ये घुसतो, तरी मुंबईच्या चाळीतला आणि आखाती देशातल्या खोलीतला चाकरमानी ते शेवटपर्यंत पाहतो. त्यात घाई नसते आणि बोलणारा ओळखीचा वाटतो. अर्थात तिथेही "गुप्त धबधबा" दाखवून गर्दी खेचण्याची चढाओढ आहेच, आणि तिचे परिणाम वाईट आहेत. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं आणि लोकांची एवढी रीघ लागली की फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली. जुलै २०२५मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतला जिंजी तामिळनाडूत, बाकी अकरा महाराष्ट्रात. त्यांच्यावर आता भरपूर कार्यक्रम होतील. ते घरी बसलेल्यांचा विचार करून झाले, टाक्यांतलं पाणी, पायथ्याची वाडी, गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरं नीट दाखवत झाले, तर कड्यावरच्या गर्दीतही भर पडणार नाही.

मराठी वाहिन्यांकडे माझी मागणी साधी आहे. आठवड्यातून एक तास द्या. एक गाव, एक वाट किंवा एक गाडी घ्या. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत, नदीनाल्यांवर शेकडो पूल आहेत. रोह्यापासून खाली मंगळुरूपर्यंतचा तो प्रवास एकदा सलग दाखवून पाहा. निवेदकाला कमी बोलू द्या. बोलीला खाली शब्दपट्टी द्या, पण तिच्यावर प्रमाण मराठीचा आवाज चढवू नका. खर्च सांगा. प्रायोजकाच्या हॉटेलात राहिला असाल तर तेही सांगा.

आणि वाचकांनो, या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, कुठलं गाव, कुठलं तीर्थ, कुठली नदी पाहायची राहून गेली. ती नावं लिहून घ्या आणि वाहिन्यांना कळवा. प्रेक्षकांच्या पत्रांनी टपाल खात्याला वेगळं पोस्टकार्ड काढायला लावलं होतं. वाहिन्यांनाही हे ऐकावं लागेल.