विंचवाचा दंश आणि चेतापेशीची कवाडे

सावित्रीच्या खोऱ्यात, महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर, गवताचा भारा उचलताना किंवा बांधाचा दगड सरकवताना तांबड्या विंचवाने नांगी मारली, म्हणजे त्या घरावर जो प्रसंग गुदरतो त्याचा सारा तपशील चेतापेशी नावाच्या अतिसूक्ष्म घटकाच्या रचनेत दडलेला आहे.

चेतापेशीचा देह डोळ्यांना न दिसणारा. परंतु त्याच्यापासून निघणारा अक्षतंतू मात्र कमरेजवळच्या मज्जारज्जूपासून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब जाऊ शकतो. इतर पेशींचे निरोप ती आपल्या शाखांनी घेते आणि अक्षतंतूवाटे पुढे रवाना करते. स्वस्थ असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. चेतना मिळताच आवरणातील सोडियमची कवाडे उघडतात, धनभारित सोडियम आत लोटतो, आणि एक-दोन सहस्रांश सेकंदात ती कवाडे मिटून पोटॅशियम बाहेर पडतो व पेशी पूर्वपदावर येते. उघडण्याइतकेच हे वेळेवर मिटणेही महत्त्वाचे, किंबहुना माझ्या मते अधिक महत्त्वाचे; कारण जो निरोप थांबत नाही तो निरोपच राहत नाही.

विंचवाचे विष नेमके येथेच घाला घालते. सोडियमची कवाडे त्याच्या अंमलाखाली मिटत नाहीत. हृदय व रक्तवाहिन्या यांचा कारभार पाहणाऱ्या, आपल्या इच्छेच्या ताब्यात नसलेल्या चेता एकसारख्या निरोप धाडू लागतात. त्यांच्या टोकांतून निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा, म्हणजे नॉरअॅड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, घाम व ओकाऱ्या सुरू होतात, आणि थकलेल्या हृदयामागे फुप्फुसांत पाणी साचते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाने होणारे मृत्यू डोळ्यांसमोर पाहिले, आणि रोग्यांच्या उशाशी रात्री जागून त्यांची बारीक नोंद ठेवली. रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी येथे योजले. ते विषाला हात लावीत नाही, कवाडेही मिटवीत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीवर नॉरअॅड्रेनॅलिनचा निरोप जेथे घेतला जातो ती जागाच ते अडवून धरते. निरोप येत राहतात, पण त्यांची तामिली होत नाही. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हा अनुभव मांडला. तीव्र विषबाधेच्या रोग्यांत पूर्वी शंभरांत तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण सुमारे एकावर आले. तालुक्याच्या गावी, मोठ्या प्रयोगशाळेवाचून घडलेले हे संशोधन महाराष्ट्राला भूषणावह आहे. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

वाचकांस एक विनंती. दंशाच्या जागी वेदना थोडी आहे एवढ्यावरून संकट टळले असे समजू नये. घाम, ओकारी किंवा गार पडलेले हातपाय दिसताच विंचू उतरवणाऱ्याकडे वेळ न दवडता रोग्याला तडक दवाखान्यात न्यावे.