गडी राखायचा की सोडायचा?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की आमच्या वाडीत दुसरी गडबड सुरू होते. रत्नागिरीकडच्या बहुतेक वाड्यांत आता टेनिस बॉलची आपापली लीग असते आणि तिला लिलावही असतो. आमच्या लीगमध्ये पैसे नसतात, नुसते पॉइंट. प्रत्येक संघमालकाकडे १०,००० पॉइंट. लिलावाआधी गेल्या वर्षीचे तीन गडी राखायची मुभा, पण राखलेल्या प्रत्येकामागे २,००० वजा.

यंदा देवळाच्या सभामंडपात आम्ही चारजण वही घेऊन बसलो. दोन नावं दहा मिनिटांत ठरली. तिसऱ्यावर साडेअकरा वाजले. एकीकडे मुंबईला नोकरीत असलेला यष्टिरक्षक. गेल्या वर्षी अंतिम सामना त्यानेच काढून दिला होता. दुसरीकडे खाडीकडचा एकोणीस वर्षांचा डावखुरा पोरगा. त्याचा चेंडू पडल्यावर कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसतं.

“मुंबईकराला सोडलंत तर लोक काय म्हणतील?” एकाने विचारलं.

“आणि जानेवारीत त्याला रजा नाय मिळाली तर?” आमच्यातले अण्णा म्हणाले. “पोराला राखायची तर गरजच नाय. त्याला ओळखतो कोण? पाचशेत येईल.”

अण्णा सातवीच्या पुढे शिकले नाहीत, पण खेळाडू राखण्याचं सगळं शास्त्र या शेवटच्या तीन वाक्यांत आलं. गडी किती चांगला, हा प्रश्न नंतरचा. राखायला किती पडतो आणि बाजारात त्याला किती बोली लागेल, यातला फरक आधी बघायचा. दोन हजारांत राखलेला गडी लिलावात साडेतीन हजारांना गेला असता, तर दीड हजार कमावले. पाचशेचा गडी दोन हजारांत राखला, तर प्रेमापोटी दीड हजार घालवले.

आयपीएलच्या २०२५ च्या महालिलावाआधी हेच गणित कोटींत मांडलं गेलं. प्रत्येक संघाला १२० कोटी. भारतासाठी किंवा परदेशासाठी खेळलेला पहिला खेळाडू राखला की थैलीतून १८ कोटी वजा, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला ११. इथपर्यंत उतार आणि मग अचानक चढ: चौथ्याला पुन्हा १८, पाचव्याला १४. ही मेख मुद्दाम मारलेली. जुना संघ जसाच्या तसा ठेवायचा मोह झाला की खिसा फाटावा. मुंबई इंडियन्सने तरीही बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा असे पाच राखले आणि ७५ कोटी तिथेच संपवले. चेन्नईला मात्र एक लॉटरी लागली. पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा, असा नियम आला आणि महेंद्रसिंग धोनी नवख्या पोरांच्या रांगेत ४ कोटींत बसला.

सोडण्याची किंमत बघायची तर कोलकात्याकडे बघावं. २०२४ चं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार श्रेयस अय्यर त्यांच्या राखलेल्या यादीत नव्हता. पंजाबने फक्त दोन अनकॅप्ड खेळाडू राखून ११०.५ कोटी हातात ठेवले होते. त्यांनी श्रेयसला २६.७५ कोटींना उचललं आणि २०२५ मध्ये ते अंतिम फेरीत पोचले. कोलकाता आठवं आलं. त्याहून गंमत म्हणजे, आधी सोडलेल्या व्यंकटेश अय्यरला कोलकात्याने लिलावात २३.७५ कोटींना परत घेतलं. राखण्याचा सगळ्यात महाग टप्पाही १८ कोटींचा होता!

पण मला विचाराल तर खरी चटका लावणारी गोष्ट कबड्डीतली आहे. पुणेरी पलटणने दहाव्या हंगामासाठी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २.३५ कोटी मोजले आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. पुढच्या लिलावाआधी पलटणने त्याला सोडलं. पाच कोटींच्या थैलीत एकाच गड्याला जवळजवळ निम्मे देणं परवडत नाही, हे कुणीही मान्य करेल. वहीत हा निर्णय बरोबरच दिसतो. शादलू २.०७ कोटींना गेला, तोही नेमका त्याच हरियाणाकडे. त्या वर्षी हरियाणा विजेता ठरला आणि करंडक उचलला तो पुण्यात, बालेवाडीला.

आमच्या जिल्ह्याचं नाव लावणारा संघही आहेच. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये रत्नागिरी जेट्सने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन विजेतेपदं घेतली, दोन्ही वेळा कर्णधार अझीम काझीच. सामने झाले गहुंजेला. पहिल्या वर्षी अंतिम सामना पावसाने धुऊन नेला आणि गुणतक्त्यात वर असल्यामुळे करंडक आपल्याकडे आला. रत्नागिरीचा संघ जाताना पाऊस बरोबर घेऊन गेला, असं इथे अजून म्हणतात.

मोबाइलवर संघ लावून पैसे लावणारी पोरंही वाडीत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, ड्रीम ११ ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि ही मंडळी पुन्हा सभामंडपाच्या पायरीवर येऊन बसली. तिथे गडी रोज बदलता येत नाही. एकदा राखला की सबंध लीगभर त्याचं तोंड बघावं लागतं.

तर, आमचा तिसरा गडी. शेवटी मुंबईला फोन लावला, स्पीकरवर.

“रजेचं काय?”

“शिमग्याला येतोच की!”

“अरे, लीग जानेवारीत आहे.”

पलीकडे बराच वेळ लोकलची घरघर ऐकू आली. आम्ही दोघांनाच राखलं आणि तिसरी ओळ मोकळी सोडली.

लिलावात डावखुऱ्याचं नाव आलं. अण्णांनी ऐटीत पाचशे म्हटलं. खालच्या वाडीने सहाशे. आम्ही सातशे, ते हजार. सभामंडपाला भिंती नसतात, हे आम्ही विसरलो होतो. त्या रात्रीचं आमचं सगळं बोलणं पायरीवरच्या पोरांनी खाली पोचवलं होतं. पोरगा अखेर आम्हाला १,९०० ला पडला.

राखण्यापेक्षा शंभर वाचले, असं अण्णा अजून सांगतात.