जहाजांच्या लाकडी प्रतिकृती

प्रत्यक्षात असलेले किंवा पूर्वी होऊन गेलेले एखादे जहाज, गलबत वा होडी निश्चित प्रमाणात लहान करून लाकडात घडविणे, ही एक जुनी कला असून आज ती मुख्यतः छंद म्हणून जोपासली जाते. शोभेचे जहाज आणि प्रतिकृती यांत महत्त्वाचा भेद आहे. शोभेच्या जहाजात केवळ बाह्य साम्य पुरते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भागाचे माप, आकार व स्थान मूळ जहाजाशी ताडून पाहता आले पाहिजे. सेवानिवृत्तीनंतर हा छंद आरंभणाऱ्यांचे प्रमाण बरेच आहे. तथापि पहिल्याच प्रयत्नात मोठे, अनेक डोलकाठ्यांचे जहाज निवडल्याने हाती घेतलेले काम अर्धवट राहण्याचे प्रसंगही पुष्कळ घडतात. आरंभी काय निवडावे व कोणत्या क्रमाने करावे, या प्रश्नांना म्हणूनच या छंदात सर्वाधिक महत्त्व आहे.

इतिहास : ईजिप्तमधील थडग्यांत मृताच्या परलोकप्रवासासाठी लाकडी नौका ठेवीत. थीब्झ येथील मेकेत्रे याच्या इ. स. पू. सु. २००० च्या थडग्यातील नौका १९२० मध्ये उजेडात आल्या, तर १९२२ मध्ये सापडलेल्या तूतांखामेनच्या थडग्यात लहानमोठ्या ३५ नौका होत्या. मध्ययुगीन यूरोपात नवस फेडण्यासाठी चर्चमध्ये जहाजांच्या प्रतिकृती टांगीत. स्पेनमधील मातारो येथील पंधराव्या शतकातील अशी एक प्रतिकृती सध्या रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या अत्यंत काटेकोर प्रतिकृती होऊ लागल्या. त्यांच्या तळाकडील भागावर फळ्या न बसविता आतील फासळ्या उघड्या ठेवीत. अशा प्रतिकृतींचा एक प्रसिद्ध संग्रह १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲनापोलिस येथील नाविक अकादमीला मिळाला. फ्रान्समध्ये द्युआमेल द्यू माँसो यांनी आपला प्रतिकृतिसंग्रह १७४८ मध्ये पंधराव्या लुईला दिला व त्यातूनच पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचा उगम झाला. नेपोलियनच्या काळातील युद्धांत इंग्लंडमध्ये बंदी असलेल्या फ्रेंच सैनिकांनी जेवणातील हाडे घासून केलेली जहाजेही संग्रहालयांत आढळतात. मोजकी हत्यारे, मिळेल ते साहित्य व विपुल वेळ यांतून काय साधता येते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

नकाशे व प्रमाण : प्रतिकृतीचा आधार म्हणजे जहाजाचा नकाशा. त्यात तीन दर्शने असतात : बाजूने दिसणारे, वरून दिसणारे आणि ठिकठिकाणी आडवे छेद घेतले असता दिसणारे. जहाजाच्या डाव्या व उजव्या बाजू सारख्याच असल्याने वरून दिसणारे दर्शन अर्धेच काढतात, तर छेदांच्या दर्शनात पुढच्या भागाचे छेद एका अंगास व मागच्या भागाचे दुसऱ्या अंगास दाखवितात. नकाशाचे महत्त्व प्रत्यक्ष जहाजबांधणीतही तेवढेच आहे. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेल्या व १८१७ मध्ये जलावतरण झालेल्या ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेचे नकाशे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले. त्यामुळे नकाशे पुन्हा पाठवावे लागले आणि कणा बसविण्यास १८१६ साल उजाडले. ही नौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

१:४८ हे रूढ प्रमाण इंग्रजी मापांतून आले असून त्यात प्रत्यक्षातील एक फूट प्रतिकृतीत पाव इंच होतो. याशिवाय १:६४, १:७२ व १:९६ ही प्रमाणेही वापरतात. लहान होड्यांसाठी १:१२ किंवा १:२४ ही अधिक सोयीची होत. प्रमाण दुप्पट केल्यास लांबी दुप्पट, पृष्ठभाग चौपट व घनफळ आठपट होते. म्हणून १:९६ ऐवजी १:४८ निवडताना घरातील जागेचा विचार आधी करावा लागतो. ‘ट्रिंकोमाली’च्या तोफमजल्याची लांबी सु. ४६ मी. आहे. १:९६ प्रमाणात ती ४८ सेंमी. होईल, तर १:४८ प्रमाणात ९६ सेंमी. यात पुढे आलेली डोलकाठी धरलेली नाही. उलटपक्षी प्रमाण फार लहान घेतल्यास भाग हाताळण्यापलीकडे बारीक होतात. १:९६ प्रमाणात १७० सेंमी. उंचीचा माणूस जेमतेम १·८ सेंमी. भरतो.

बांधणीचे प्रकार : डोलकाठ्या, शिडे व दोर वगळून जो पोकळ भाग उरतो, त्यास येथे धड म्हटले आहे. ते चार रीतींनी करतात. (१) अखंड ठोकळा कोरून. (२) नकाशातील आडव्या थरांप्रमाणे कापलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून व मग पायऱ्या तासून. (३) कण्यावर प्लायवुडचे आडवे फलक उभे करून त्यांवर पातळ पट्ट्या बसवून. (४) खऱ्या जहाजाप्रमाणे फासळ्यांचा पूर्ण सांगाडा उभारून. बाजारातील बहुतेक तयार संच तिसऱ्या प्रकारचे असतात. चौथा प्रकार सर्वांत प्रामाणिक, पण सर्वांत कष्टाचाही आहे.

पहिल्या प्रतिकृतीची निवड : इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे जतन केलेली ‘व्हिक्टरी’ ही नौका अनेक नवशिक्यांना मोह घालते. ट्रफॅल्गरच्या लढाईत (१८०५) तिच्यावर १०४ तोफा होत्या. त्यांचे सर्व गाडे दाखवावयाचे झाल्यास चारशेच्या वर सारखी चाके करावी लागतील. त्याखेरीज ३७ शिडे व सु. ४२ किमी. दोरखंड हे मूळ नौकेचे आकडे लक्षात घेता हे काम कित्येक वर्षांचे आहे, हे उघड होते. अडचण केवळ वेळेची नाही. आरंभी हात बसलेला नसतो आणि मोठ्या जहाजात पहिल्या महिन्यातील चुका शेवटपर्यंत सोबत राहतात.

याउलट उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डोरी ही होडी आरंभासाठी आदर्श मानता येते. न्यू फाउंडलंडनजीकच्या ग्रँड बँक्सवर कॉड मासे पकडण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाई. सपाट तळ, बाहेर कललेल्या बाजू व प्रत्येक बाजूस एकमेकींवर किंचित चढविलेल्या तीन-चारच फळ्या, अशी तिची सुटसुटीत रचना असते. बसण्याच्या आडव्या फळ्या काढून घेतल्या की, अनेक डोऱ्या एकीत एक बसवून जहाजाच्या डेकवर रचून ठेवता येत. मॅसॅचूसेट्समधील एम्सबरी येथील १७९३ मध्ये स्थापन झालेला लोवेल यांचा कारखाना अशा होड्यांसाठी प्रसिद्ध आहे. सु. ५·५ मी. लांबीची डोरी १:२४ प्रमाणात अवघी २३ सेंमी. होते. तथापि तळ, फासळ्या, फळ्यांची कड तासणे, वाक देणे व रंगकाम ही सर्व मूलभूत कामे तीत येतात. डोलकाठी व दोरकाम यांची तीत गरज नसते. तिच्यानंतर एका डोलकाठीची लहान शिडाची होडी व मग दोन डोलकाठ्यांचे गलबत, असा क्रम ठेवल्यास प्रत्येक टप्प्यावर एक-दोनच नवी कौशल्ये शिकावी लागतात.

लाकूड व इतर साहित्य : प्रतिकृतीत लाकडाचे तंतूही प्रमाणात शोभावे लागतात. सागाच्या आरंभीच्या ऋतूत वाढलेल्या काष्ठातील वाहिन्या सु. ०·३ मिमी. रुंद असतात. १:४८ प्रमाणात त्या १४ मिमी. रुंदीच्या चरासारख्या दिसतात. म्हणून प्रत्यक्ष जहाजास सर्वोत्तम असलेला साग लहान प्रतिकृतीस गैरसोयीचा ठरतो. परदेशांत यासाठी बॉक्सवुड, पेअर, लिंडन इ. एकसंध पोताची लाकडे वापरतात. आपल्याकडे हेदू (हळदू) व काळा कुडा यांचे पोत बारीक असून शिवणीचे लाकूड तासण्यास सोपे व आकार टिकवून धरणारे असते. काळा कुडा चन्नपट्टणच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरात आहे. बाल्सा हलके असले, तरी नखानेही दबते; म्हणून बाहेरच्या फळ्यांस ते घेऊ नये.

चिकटविण्यासाठी सुतारकामातील पांढरा गोंद उत्तम. तो सावकाश सुकत असल्याने चूक सुधारण्यास अवधी मिळतो. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद मोजक्या ठिकाणीच वापरावा. हत्यारे थोडी पुरतात : धारदार पाती बदलता येणारी सुरी, बारीक दात्यांची करवत, छोटा रंधा, गुण्या, पोलादी पट्टी, दोन-तीन कानशी, चिमटे, हाताने फिरवावयाचे बारीक गिरमिट व पॉलिश कागद. गोंद सुकेपर्यंत भाग आवळून धरण्यास कपडे वाळत घालण्याचे चिमटे चालतात. यंत्रे आरंभी घेण्याचे कारण नाही.

कामाचा क्रम : प्रथम कणा सरळ असल्याची खात्री करून तो फळीवर घट्ट बसवितात. त्यावर आडवे फलक किंवा फासळ्या गुण्या लावून काटकोनात उभारतात. येथे झालेला एक मिलिमीटरचा फरक पुढे कशानेही झाकत नाही. यानंतर फलकांच्या कडा तिरप्या तासतात. एक लवचिक पट्टी पुढून मागे धरून पाहिली असता ती प्रत्येक कडेला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे.

फळ्या बसविताना नवशिक्याची खरी परीक्षा होते. धडाचा घेर मध्यभागी मोठा व टोकांकडे लहान असल्याने सारख्या रुंदीच्या फळ्या टोकाशी मावत नाहीत. समजा, मधल्या छेदावर कण्यापासून काठापर्यंतचे अंतर ९० मिमी. व नाळेजवळ (पुढील टोकाजवळ) ५४ मिमी. आहे. ५ मिमी. रुंदीच्या १८ फळ्या मध्यभागी पुरतात. नाळेपाशी मात्र प्रत्येक फळी ३ मिमी. पर्यंत निमुळती केली पाहिजे. हे गणित आधी करून प्रत्येक फलकावर खुणा करून ठेवतात. फळी निम्म्याहून अधिक अरुंद करावी लागत असेल, तर दोन फळ्या एकीत मिळवितात. फळी भिजविल्याने थोडी नरम होते, परंतु वाक टिकतो तो मुख्यतः उष्णतेने. म्हणून ती भिजवून, तापवून व साच्यावर आवळून पूर्ण सुकू देतात आणि मगच चिकटवितात. डावीकडे एक बसविली की उजवीकडे एक, असा क्रम न पाळल्यास सांगाडा पिळवटतो.

दोरकामात जाडीकडे लक्ष द्यावे लागते. जुन्या ग्रंथांत दोराचे माप व्यासाचे नसून परिघाचे असते. चार इंची दोराचा व्यास सु. ३२ मिमी. असून १:४८ प्रमाणात तो ०·६७ मिमी. होतो. परिघालाच व्यास समजल्यास दोर तिपटीहून जाड होऊन सर्व प्रतिकृतीची शोभा जाते. डोलकाठ्यांना आधार देणारे स्थिर दोर डांबर लावलेले असल्याने गडद, तर शिडे हलविणारे दोर फिकट दाखवितात. स्थिर दोर आधी बांधतात.

उतारवयातील आरंभ : साठीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची जवळचे पाहण्यासाठी जुळवून घेण्याची शक्ती जवळजवळ संपलेली असते आणि तरुणपणाच्या मानाने सु. एक-तृतीयांशच प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. म्हणून कामाच्या अंतराचा वेगळा चष्मा, डोक्यावर बसणारे भिंग व दोन बाजूंनी येणारा भरपूर प्रकाश यांवर केलेला खर्च हत्यारांवरील खर्चाइतकाच आवश्यक आहे. कोपर व मनगट टेकविता येईल अशी मेजाची उंची ठेवल्यास हाताचा कंप बराच आवरतो. एका बैठकीस तास-दीड तास पुरे; थकलेल्या हाताने सुरी निसटते. लाकडाची बारीक धूळ श्वसनमार्गास अपायकारक असल्याने घासताना मुखपट्टी बांधावी व खोली हवेशीर ठेवावी. ज्यांना दमा आहे, त्यांनी सायनोॲक्रिलेटची वाफ कटाक्षाने टाळावी. वयामुळे हाताची चपळाई उणावते हे खरे. परंतु या कामास चपळाईपेक्षा मोजून पाहण्याची सवय व गोंद सुकेपर्यंत थांबण्याची तयारी अधिक लागते.

जतन व उपयोग : पूर्ण झालेली प्रतिकृती काचेच्या पेटीत, उन्हापासून दूर ठेवतात. पेटी ओक लाकडाची व हवाबंद असल्यास लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक अम्लाच्या वाफेने शिशाचे भाग पांढरे पडून भुगा होतात. म्हणून पेटीत वायुवीजन ठेवणे व शिशाचे भाग टाळणे इष्ट. दमट हवेत सुती दोर आखडतात व कोरड्या हवेत सैल होतात. कोकणासारख्या प्रदेशात ते फार ताणून बांधू नयेत.

प्रतिकृतीचे मोल केवळ शोभेपुरते नसते. फ्रेंच नौसेनाधिकारी एद्‌माँ पारी (१८०६–९३) यांनी भारतासह यूरोपबाहेरील देशांच्या नौकांची मोजमापे घेतली. १८७१ पासून पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचे प्रमुख असताना त्यांनी अशा अनेक नौकांच्या प्रतिकृती करविल्या. कोकण किनाऱ्यावरील होड्या व मचवे परंपरेने कागदी नकाशावाचून, कारागिराच्या नजरेने बांधले जात. तंतुकाचेच्या होड्या आल्यापासून लाकडी होड्या कमी होत आहेत. डोरीसारख्या साध्या होडीवर हात बसलेल्या व्यक्तीने किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एखादी जुनी होडी फूटपट्टी व ओळंबा घेऊन मोजली, तिचे छेद कागदावर उतरविले आणि त्यावरून प्रतिकृती केली, तर त्या होडीच्या रचनेची दुसरीकडे कोठेही नसलेली नोंद मागे राहते.