भरती निघेल, पाय टिकतील का?

पहाटेचे पाच. कर्जत-राशीन रस्त्यावर अजून अंधार आहे आणि बुटांचा टपटप आवाज येतोय. पोलीस भरतीची चर्चा सुरू झाली की असा आवाज तालुक्यातल्या प्रत्येक रस्त्यावर वाढतो. त्यात तुम्हीही असाल, तर एक सांगा: नडगी दुखतेय का? दुखत असूनही ‘होईल बरं’ म्हणत पळताय का?

मग हे वाचाच.

मैदानी परीक्षा ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरला, मुलींना ८०० मीटरला. म्हणून जाहिरात येताच आपण शून्यावरून थेट रोज आठ-दहा किलोमीटरवर जातो, तेही डांबरावर, मोठ्या भावाचे झिजलेले बूट घालून. काही आठवड्यांत दम वाढतो, स्नायू तयार होतात. हाडाला मात्र जास्त वेळ लागतो. ताण पडला की हाड आधी थोडं झिजतं, मग नव्यानं भरतं. भरायला उसंतच दिली नाही, तर त्याला बारीक चीर जाते.

दुखणं कसलं आहे, हे ओळखायला शिका. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. वीतभर पट्ट्यात दुखत असेल, तर बहुतेक वेळा हाडावरच्या आवरणाला सूज असते. काही दिवस पळणं बंद, नंतर हळूहळू सुरुवात. पण एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ आली, किंवा रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर चिरेची शंका घ्या आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेत दिसेलच असं नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून दुसऱ्या दिवशी ग्राऊंडवर उतरू नका.

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते? तळव्याच्या पट्ट्यावर ताण आलाय. पोटरी ताणायचे व्यायाम करा, गार बाटली तळव्याखाली फिरवा, बूट बदला.

कबड्डीत घोटा मुरगळला, तर पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५-२० मिनिटं लावा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढाच. बरं झाल्यावर रोज एका पायावर उभं राहायचा सराव करा. घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका त्यानं कमी होतो.

मुलींनो, सराव वाढवला आणि पाळी थांबली, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. खाणं कमी पडतंय आणि हाडं कमजोर होतायत, असा त्याचा अर्थ असू शकतो. डॉक्टरला दाखवा.

आणि गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळायचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडा. औषधानं कळ दबते, चीर वाढतच जाते.

शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य त्यानं आणलं. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. एवढ्या मोठ्या धावपटूलाही थांबावंच लागलं. मग आपण थांबलो तर त्यात कमीपणा कसला?

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकचे चार फेरे. त्यासाठी रोज डांबर तुडवायची गरज नाही. मातीच्या मैदानावर पळा, अंतर हळूहळू वाढवा, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्या. नडगीची चीर भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. आज तेवढं थांबलात, तर ही भरती कदाचित हुकेल, पण पुढची हातात राहील. चीर घेऊन पळत राहिलात आणि हाड मोडलं, तर दोन्ही जातील.

उद्या पहाटे बूट घालण्याआधी एकदा नडगीवरून बोट फिरवून बघा.